अश्मयुगाची फिरती पेटी: कामाच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२४

पेटीचा आराखडा आज नक्की झाला. लाकडी पेटी, पाच कप्पे, झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा. आठवी ते दहावीच्या वर्गांत एकेक आठवडा मुक्काम करत ती तालुकाभर फिरेल. विषय असा: आपल्यासारखा माणूस, म्हणजे होमो सेपियन्स, भारतात कधी आला, आणि तो आला तेव्हा त्याच्या हातात कोणती हत्यारं होती.

पहिल्या कप्प्यात हातकुऱ्हाड. ती आपल्या माणसाची नव्हे, त्याच्या कितीतरी आधीची, पण तिच्याशिवाय पुढचा फरक कळत नाही. मग मध्य पुराश्मयुगाचे, म्हणजे हातकुऱ्हाडीनंतरच्या टप्प्याचे छिलके (दगडातून फटक्यानं सुटलेल्या धारदार कपच्या), त्यानंतर सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या राखेची गोष्ट, मग बारीक पाती, आणि शेवटी पाटणे गावी मिळालेल्या मण्यांसारखे मणी.

वाचनालयाच्या बैठकीत एक मुद्दा मी लावून धरला, तो इथेही लिहून ठेवतो. पेटीत एकही अस्सल जुनं हत्यार ठेवायचं नाही. आपण प्रवरेच्या खोऱ्यात राहतो. नदीच्या जुन्या खडीत अश्मयुगीन हत्यारं निघतात, हे इथल्या पुष्कळ लोकांना माहीत आहे, आणि एखादं खिशात टाकायचा मोह कुणालाही होईल. पण हत्यार थरातून निघालं की त्याची निम्मी साक्ष गेली. ते किती खोल होतं, त्याच्या वर काय होतं, खाली काय होतं, शेजारी कोणत्या जनावराचं हाड पडलं होतं, हे सगळं जागेवरच राहतं. पेटीतली सगळी हत्यारं आम्हीच घडवणार, दगड मात्र इथलाच.

१० नोव्हेंबर

दगड बघायला मामांबरोबर खाणीवर गेलो. मामा पाथरवट. जाती, पाटे, उखळं घडवण्यात त्यांची उमर गेली. दगड उचलला की आधी हातोडीनं हलकेच वाजवतात आणि कान देतात. “टण्ण वाजला तर घ्यायचा. बद्द वाजला म्हणजे आत चीर आहे, सोडून द्यायचा.” एवढ्या एका परीक्षेत ढिगातला बराच माल बाद झाला.

दख्खनच्या काळ्या पाषाणाचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत पुढे झिरपत्या पाण्याबरोबर सिलिका आली आणि साचली. आपल्या गारगोट्या, अकीक, कॅल्सेडनी ही सगळी त्यातूनच झालेली. हत्यारं करायला हा दगड उत्तम, कारण दाणा इतका बारीक असतो की फटक्याचा जोर सगळीकडे सारखा जातो. फुटलेल्या अंगावर वर्तुळाकार लाटा दिसतात आणि जिथे फटका बसला तिथे लहानसा फुगवटा राहतो. तो फुगवटा बोटाला लागतो. मुलांना डोळे मिटून शोधायला सांगणार आहे. अर्थात नदीत आपटलेल्या दगडावरही एखादा फुगवटा येऊ शकतो. माणसाचा हात ओळखायचा तो एकामागून एक, एका बेतानं काढलेल्या छिलक्यांवरून.

अडचण आकाराची आहे. इथल्या गोट्या बहुतेक मुठीएवढ्या किंवा त्याहून लहान, आणि बऱ्याच गोट्यांच्या पोटात पोकळी व स्फटिक. बाहेरून तुकतुकीत दिसणारी गोटी फोडल्यावर आत नुसते स्फटिक निघतात, मग तिचा काही उपयोग नाही. नेवाशाच्या जुन्या माणसांपुढेही हाच माल होता. पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलियांना १९५४ मध्ये नेवाशाला प्रवरेच्या खडीत हातकुऱ्हाडींपेक्षा वेगळी, लहान हत्यारं मिळाली: चर्ट, जॅस्पर यांसारख्या बारीक दाण्याच्या दगडांच्या तासण्या, टोकं, छिद्रं पाडायची हत्यारं. हातकुऱ्हाडी मुख्यतः काळ्या पाषाणाच्या. म्हणजे हत्याराबरोबर दगडाची निवडही बदलली. भारतात मध्य पुराश्मयुग हा वेगळा टप्पा मान्य होण्यात नेवाशाच्या त्या हत्यारांचा मोठा वाटा आहे. आपल्या तालुक्यांतल्या मुलांना हे शाळेत कुणी सांगत नाही, आणि ही पेटी करायची तीव्र इच्छा मला तिथूनच झाली.

२४ नोव्हेंबर

पहिला कप्पा भरला. मामांनी काळ्या पाषाणाची हातकुऱ्हाड घडवली, दोन्ही अंगांनी छिलके काढून, एका टोकाला निमुळती. पात्याची धार वाकडी आहे, पण जुन्या हातकुऱ्हाडींतही तशा असतातच.

चिठ्ठीवर एवढंच: तामिळनाडूतल्या अत्तिरमपक्कम इथे अशी हत्यारं सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची आहेत. नेवाशाजवळ चिरकीला गुडरून कॉर्विनस यांनी १९६० च्या दशकात उत्खनन करून अशीच हत्यारं काढली. तेव्हा आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर कुठेच नव्हता. त्याचे आज माहीत असलेले सर्वांत जुने अवशेष मोरोक्कोतल्या जेबेल इरूदचे, सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे.

१ डिसेंबर

सबंध दिवस दुसऱ्या कप्प्यावर गेला. लेव्हालुआ पद्धतीचा छिलका काढायचा. सगळ्या कामात हा भाग मला सर्वांत प्रिय आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

हातकुऱ्हाडीत दगडातून नको ते काढून टाकायचं, जे उरलं ते हत्यार. इथे उलटं. हत्यार म्हणजे जो छिलका शेवटी सुटणार तो, आणि उरलेला गाभा टाकून द्यायचा. म्हणजे छिलका सुटण्याआधीच त्याचा आकार ठरवून ठेवायचा असतो.

आधी गोटीच्या कडेकडेनं फटके मारत तिचं टरफल काढलं. त्यातून सगळीकडे फटका मारायला तिरपी कड तयार झाली. मग त्या कडेवरून मधल्या दिशेनं छिलके काढत गेलो, चहूबाजूंनी, जोवर वरचं अंग कासवाच्या पाठीसारखं मध्ये उंच आणि कडांना उतरतं झालं. मग एका टोकाची कड बारीक बारीक टवके काढून नीट घासून घेतली. शेवटचा फटका तिथेच पडणार, ती चुरली की सगळं गेलं. कोन काटकोनापेक्षा कमी पाहिजे. काटकोनाच्या पुढे गेला की फटका आत शिरत नाही, नुसता दगड चेचतो.

मग एकच फटका. बरोबर बसला तर खाली पडतो तो पातळ, लांबट गोल, सगळीकडून धार असलेला छिलका, आणि त्याच्या पाठीवर आधी काढलेल्या सगळ्या छिलक्यांचे ओरखडे मध्याकडे आलेले दिसतात. मामांचा पहिला नीट सुटलेला छिलका बोटांत धरून उजेडाकडे केला तेव्हा कडेतून पिवळसर प्रकाश आरपार आला. त्याच धारेनं सुतळी कापली, मग चामड्याचा तुकडा कापला. मामा म्हणाले, “आधी सगळं डोक्यात पाहिजे. हात मागून येतो.” त्यांना हे कुठल्या पुस्तकातून कळलेलं नाही. पुरातत्त्वाचे अभ्यासक या पद्धतीला बुद्धीच्या दृष्टीनं एवढं महत्त्व का देतात, ते मला मामांच्या त्या वाक्यात नेमकं मिळालं. वही काढून तिथेच लिहून घेतलं.

७ डिसेंबर

दुसऱ्या कप्प्याच्या चिठ्ठीवरून इतिहासाच्या बाईंशी बराच वेळ वाद झाला. त्यांच्या कच्च्या मजकुरात होतं: “आधुनिक मानवाची हत्यारं, मध्य पुराश्मयुग.” त्यांचं म्हणणं रास्त आहे. मुलांना एक उत्तर लागतं, आणि कोणी केलं हे न सांगता हत्यार दाखवलं तर मुलं ते विसरतात.

पण ते लिहिता येत नाही. अत्तिरमपक्कमला शांती पप्पू आणि कुमार अखिलेश यांच्या चमूनं २०१८ मध्ये जाहीर केलेलं वय बघा: मध्य पुराश्मयुगाची हत्यारं, लेव्हालुआसकट, सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वीपासून. या आकड्यात काही दशसहस्र वर्षांची चूकभूल धरली तरी आफ्रिकेबाहेर तेव्हा होमो सेपियन्स असल्याचा कसलाच पुरावा नाही. मग ती हत्यारं कोणी केली? अत्तिरमपक्कमला माणसाचं हाड मिळालेलं नाही. भारतात त्या जुन्या काळातली म्हणून दाखवायला आपल्याकडे आहे ती नर्मदेकाठच्या हाथनोऱ्याची कवटी. अरुण सोनकिया यांना १९८२ मध्ये मिळालेली, आणि ती आपल्या जातीची नाही.

बाईंना मी इस्रायलमधल्या दोन गुहांचं उदाहरण दिलं. काफ्झेह गुहेत पुरलेली माणसं होमो सेपियन्स, नव्वद हजार वर्षांहून जुनी. केबारा गुहेतलं दफन निअँडरथलचं, म्हणजे आता नामशेष झालेल्या दुसऱ्या मानवजातीचं, सुमारे साठ हजार वर्षांपूर्वीचं. दोन्हीकडे लेव्हालुआ पद्धत वापरलेली. हाडं मिळाली नसती तर केवळ दगडांवरून ही दोन वेगळी माणसं आहेत असं छातीठोकपणे सांगणं कठीण होतं.

बाई थोड्या वेळानं म्हणाल्या, “मग चिठ्ठीवर तीन ओळी करू. कधी, कशी, कोणी. तिसरी ओळ जिथे माहीत नाही तिथे कोरीच ठेवायची.” फार चांगली सूचना. सगळ्या कप्प्यांना तीच पद्धत.

१५ डिसेंबर

या आठवड्यात, १२ तारखेला, दोन शोधनिबंध एकदमच आले, आणि आमच्या नकाशावर त्यांचा थेट परिणाम आहे. एका चमूनं प्राचीन आणि आजच्या माणसांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, एकत्र तपासून काढलं की आपल्या पूर्वजांचा निअँडरथलांशी संकर सुमारे ५०,५०० ते ४३,५०० वर्षांपूर्वीच्या काळात झाला. दुसऱ्या चमूनं जर्मनीतल्या रानिस आणि चेकियातल्या झ्लाटी कून इथल्या सुमारे ४५ हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचे जीनोम वाचले, आणि संकराचा काळ साधारण तोच निघाला, ४९ ते ४५ हजार.

आफ्रिकेबाहेरच्या आजच्या सगळ्या लोकांत, म्हणजे आपल्यातही, निअँडरथलांचा तो अंश आहे. तेव्हा आजच्या भारतीयांचे जे पूर्वज बाहेरून आले ते या संकरानंतरच इथवर पोचले असणार. आणि आफ्रिकेबाहेर ५० हजारांहून जुनी जी होमो सेपियन्सची हाडं मिळतात, उदाहरणार्थ सौदी अरेबियातल्या अल् वुस्ताचं पंच्याऐंशी-नव्वद हजार वर्षांपूर्वीचं बोटाचं हाड, ती आपल्या थेट वंशावळीतली नसावीत.

माझ्या मते इथे दोन प्रश्न वेगळे झाले, आणि ते मुलांपुढे वेगळेच ठेवले पाहिजेत. भारतात पहिला होमो सेपियन्स कधी आला, हा एक. आपले पूर्वज कधी आले, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ऐंशी हजार असू शकतं आणि दुसऱ्याचं पंचेचाळीस, आणि दोन्ही खरी असू शकतात. आजवर वर्तमानपत्रांतून या विषयावर जे छापून येतं त्यात ही गल्लत जवळपास नेहमी असते. पेटीत ती होऊ द्यायची नाही.

२९ डिसेंबर

बोरीला जाऊन आलो. जुन्नर तालुका, कुकडी नदीचा काठ. काठाच्या उभ्या कापात पांढुरका थर दिसतो, तो ज्वालामुखीच्या राखेचा. आपल्या लाव्ह्याशी त्याचा काही संबंध नाही. राख हवेतून आलेली. ती सुमात्रातल्या टोबाच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची, की त्याच्या कित्येक लाख वर्षं आधीच्या स्फोटाची, यावरून अभ्यासकांत १९८० च्या दशकापासून मतभेद आहेत. राख नवी धरली की तिच्याबरोबरची हातकुऱ्हाडीची हत्यारं फारच अलीकडची ठरतात, जुनी धरली की चित्र पार बदलतं. थराला हात न लावता फोटो काढले, नदीपात्राचं रेखाटन केलं. तिसऱ्या कप्प्यात तेच जातील.

ज्या राखेवर सगळ्या वादाचा भर आहे ती मात्र आंध्रातली, ज्वालापुरमची. जुर्रेरू नदीच्या खोऱ्यात टोबाची राख पावसापाण्यानं वाहून सखलात साचली आणि काही ठिकाणी तिची जाडी दोन मीटरांवर आहे. मायकेल पेट्राग्लिया, रवी कोरीसेट्टर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की राखेच्या खाली आणि वर, दोन्हीकडे मध्य पुराश्मयुगाची हत्यारं आहेत. खालच्या थराचं वय सुमारे ७७ हजार, वरच्याचं सुमारे ७४ हजार. हत्यारांत म्हणावा असा खंड नाही. एवढ्या मोठ्या स्फोटानं इथली वस्ती पुसून गेली असा जो समज होता, त्याला या थरांनी धक्का दिला. मध्य प्रदेशात सोन नदीच्या खोऱ्यात ढाब्याला हेच दिसतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामानुसार तिथे लेव्हालुआ पद्धत सुमारे ८० हजारांपासून ६५ हजारांपर्यंत सलग चालू आहे, ७४ हजारांच्या आसपास ती थांबत नाही.

इथवर सगळं पक्कं. पुढे तट पडतात. पेट्राग्लियांचा गट म्हणतो, ही हत्यारं आफ्रिकेतल्या त्या काळच्या होमो सेपियन्सच्या हत्यारांसारखी, म्हणून माणूसही तोच. पॉल मेलर्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये उलट मांडलं: होमो सेपियन्स इथे साठ-पन्नास हजार वर्षांपूर्वी किनाऱ्यानं आला, बारीक पाती आणि शहामृगाच्या अंड्याचे मणी घेऊन, आणि राखेखालची हत्यारं आधीच्या कुणाची तरी. मला दोघांचंही वाचून असं वाटतं की पुरावा म्हणून दोघेही बरेचसे हत्यारांच्या सारखेपणावर विसंबतात, आणि हत्यारांचा सारखेपणा किती फसवा असतो ते काफ्झेह-केबारानं दाखवलंच आहे. तिसरी ओळ कोरी.

मुलं विचारणारच की ही वयं कशी काढतात, म्हणून कप्प्यात काळ्या कागदात गुंडाळलेली लोखंडी नळीही ठेवतोय. गाळातल्या वाळूच्या कणावर शेवटचं ऊन कधी पडलं हे मोजता येतं. गाडला गेल्यापासून आजूबाजूच्या किरणोत्सर्गामुळे कणात ऊर्जा साठत जाते, आणि प्रयोगशाळेत त्यावर प्रकाश टाकला की ती उजेडाच्या रूपानं बाहेर पडते. जितकी जास्त, तितका काळ जास्त. म्हणून नमुना घेताना नळी थरात ठोकतात आणि अंधार मोडू देत नाहीत. कार्बन पद्धत पन्नास हजारांच्या पलीकडे चालत नाही, त्यामुळे एवढ्या जुन्या थरांना याच पद्धतीचा आधार.

१२ जानेवारी २०२५

बारीक पाती. लांबी दोन-तीन सेंटीमीटर, रुंदी एका सेंटीमीटरपेक्षा कमी, दोन्ही कडा समांतर. गाभा आधी उभा, शंकूच्या आकाराचा करून घ्यायचा, वरचा माथा सपाट. एक पातं सुटलं की गाभ्यावर दोन उभे कंगोरे राहतात आणि पुढचं पातं त्या कंगोऱ्याच्या आधारानं सुटतं. एका मुठीएवढ्या गोटीतून जितकी धार लेव्हालुआनं मिळते त्याच्या कितीतरी पट धार या पद्धतीनं मिळते. आपल्याकडच्या लहान गोट्यांना ती फार सोयीची.

दगडी हातोडी इथे चालत नाही, माथा चुरतो. परदेशातले हौशी लोक हरणाचं शिंग वापरतात. आपल्याकडे वन्यजीव कायद्यानुसार ते बाळगता येत नाही, गळून पडलेलंही नाही. म्हशीचं शिंग वापरलं. खंबायतचे अकीक घडवणारे कारागीर पिढ्यानपिढ्या म्हशीच्या शिंगाचीच हातोडी वापरतात. तिथे मात्र जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड टेकवून वरून हलका फटका देतात.

भारतात बारीक पात्यांचं सर्वांत जुनं वय ढाब्याला सुमारे ४८ हजार आणि निमाडातल्या मेहताखेडीला सुमारे ४५ हजार. मेहताखेडीचं काम डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा आणि सहकाऱ्यांचं, २०१३ चं. ज्वालापुरमच्या खडकाश्रयात ती सुमारे ३५ हजारांची. हे आकडे जीनोमच्या आकड्यांच्या शेजारी ठेवले की पंचेचाळीस-पन्नास हजारांच्या आसपास काहीतरी घडलं एवढं नक्की दिसतं. इथे मी मेलर्सच्या बाजूला झुकतो, पण त्यांच्या साठ हजारांना भारतातली पाती पाठिंबा देत नाहीत.

एक इशारा चिठ्ठीवर ठळक लिहायचा आहे. पातं सापडलं म्हणजे ते पंचेचाळीस हजारांचं, असं नाही. नेवासे, जोर्वे, इनामगाव इथल्या ताम्रपाषाण काळच्या शेतकऱ्यांनी, म्हणजे साधारण साडेतीन-तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी, कॅल्सेडनीची अशीच पाती ढिगानं काढली. तांबं दुर्मीळ होतं, कापाकापीला दगडाचं पातं पुरत होतं. आपल्या भागात जमिनीवर दिसणारं पातं त्यांचंच असण्याची शक्यता जास्त.

मामांनी बाभळीचा डिंक आणि मेण गरम करून चार पाती लाकडी दांड्याच्या खाचेत बसवली. उसाचं कांडं कापलं. एक पातं निखळलं, तर जागच्या जागी दुसरं बसवलं, हत्यार पुन्हा तयार. जड, एकसंध हातकुऱ्हाडीच्या शेजारी हे ठेवलं की काय बदललं ते सांगावं लागत नाही.

२५ जानेवारी

कामाच्या जागेचे नियम, बाईंच्या सांगण्यावरून लिहून भिंतीला लावले. डोळ्यांना चष्मा, नाकाला चांगला मास्क, काम उघड्यावर. सिलिकेची धूळ फुप्फुसात बसते ती निघत नाही. खंबायतच्या अकीक कारागिरांत सिलिकोसिसनं फार माणसं गेली आहेत. वर्गात दगड फोडायचा नाही, फक्त हाताळायचा.

आणि कचरा. फोडलेल्या दगडांच्या कपच्यांची पोती भरली आहेत. ती ओढ्यात किंवा शेताच्या बांधावर ओतायची नाहीत. शंभर वर्षांनी कुणी अभ्यासक तिथे आला तर त्याला ही खरी अश्मयुगीन कार्यशाळा वाटेल. ताडपत्रीवर गोळा करून वाचनालयाच्या आवारात खड्ड्यात पुरतोय, वर-खाली चालू सालाची नाणी आणि प्लास्टिकची पट्टी टाकून. पेटीतल्या प्रत्येक प्रतिकृतीवर पक्क्या शाईत साल आणि “नवी” अशी खूण.

९ फेब्रुवारी

पाचवा कप्पा: पाटणे. जळगाव जिल्हा, चाळीसगाव तालुका, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी. भास्कराचार्यांच्या शिलालेखासाठी आणि पाटणादेवीसाठी लोक तिथे जातात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये तिथे उत्खनन केलं. एकावर एक जमलेल्या थरांत मध्य पुराश्मयुगापासून मध्याश्मयुगापर्यंतचा क्रम मिळाला, आणि उत्तर पुराश्मयुगाच्या थरात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि कोरीव नक्षीचा एक तुकडा. कवचाचं कार्बन पद्धतीनं काढलेलं वय सुमारे २५ हजार वर्षं.

खानदेशात शहामृग! मुलांचा विश्वास बसणार नाही, म्हणून चिठ्ठीवर हेही: हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये भारतात मिळालेल्या अशा जुन्या कवचातून डीएनए काढला आणि ते आफ्रिकेतल्या शहामृगाच्या जातीशी जुळतं हे दाखवलं.

नक्षीच्या तुकड्यावर समांतर रेषांच्या मध्ये फुल्याफुल्यांची जाळी आहे. अशा जुन्या कवचांवर बऱ्याचदा झाडाच्या मुळांनी खाल्लेल्या रेघा असतात आणि त्या नक्षीसारख्या दिसतात. पाटण्याचा तुकडा मात्र माणसानंच कोरलेला, याबद्दल दुमत नाही.

एका ओळखीच्या पक्षीपालकाकडून कवच मिळालं. कोंबडीच्या अंड्याच्या मानानं फारच जाड, जवळपास दोन मिलिमीटर. तुकडे दातांच्या कडेनं कुरतडल्यासारखे बारीक टवके काढून ओबडधोबड गोल केले. छिद्र पाडायला कॅल्सेडनीचा टोकदार छिलका, दोन तळव्यांत काडीला बांधून घुसळायचा. आधी एका बाजूनं अर्ध्यावर, मग दुसऱ्या बाजूनं. छिद्र त्यामुळे दोन्हीकडे रुंद आणि मध्ये अरुंद होतं. मग सगळे मणी सुतळीत ओवून, घट्ट ताणून, ओल्या सहाणेवर कडेनं घासले. सहाणेवर पांढरं गंध उगाळल्यागत पाणी झालं आणि मणी हळूहळू एकसारखे गोल होत गेले. माझ्या आईनं तो सर हातात घेतला आणि आधी गळ्याला लावून बघितला.

पाटण्याचे मणी करणारी माणसं कोण होती? २५ हजार वर्षांपूर्वी आशियात आपल्याशिवाय दुसरी मानवजात असल्याचा भक्कम पुरावा जवळपास उरत नाही, आणि श्रीलंकेत तर याच्या बऱ्याच आधीची होमो सेपियन्सची हाडंच मिळाली आहेत. या कप्प्यात तिसरी ओळ भरली: आपल्यासारखी माणसं.

१६ फेब्रुवारी

नकाशा रंगवून झाला. एकच जाड बाण आफ्रिकेतून निघून किनाऱ्यानं कन्याकुमारीपर्यंत, असा नकाशा सगळीकडे असतो. आम्ही तसा काढला नाही. त्या काळात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा बरीच खाली होती, कोकणचा तेव्हाचा किनारा आज पाण्याखाली आहे, त्यामुळे किनाऱ्यावरचा पुरावा मिळणं मुळात अवघड. मिळालेल्या जागा तर नद्यांच्या खोऱ्यांत आहेत: सोन, नर्मदा, जुर्रेरू, आणि आपल्या गिरणा-गोदावरी. म्हणून बाण नाही, ठिपके. प्रत्येक ठिपक्याशेजारी वय. हाड मिळालेल्या जागेला लाल रंग. लाल ठिपके दोनच झाले: हाथनोरा, जी आपली जात नव्हे, आणि श्रीलंकेतली फा-हियेन लेना गुहा, जिथे बारीक दगडी हत्यारं ४८-४५ हजारांपर्यंत मागे जातात आणि होमो सेपियन्सची हाडंही आहेत. या दोहोंच्या मधल्या काळातलं, एवढ्या मोठ्या देशात, सर्वांना मान्य होईल असं एक हाड नाही. नकाशावर ते बघताना मलाच धस्स झालं. हाडं चांगली टिकतात ती चुनखडीच्या गुहांत; दख्खनच्या पाषाणावर तशा गुहा नाहीत, पण कर्नूलकडे आहेत, विंध्यात आहेत. तिथे खोदणाऱ्यांना पैसा आणि माणसं मिळायला हवीत.

३ मार्च

पेटी पहिल्यांदा वर्गात गेली, नववी. फुगवटा डोळे मिटून शोधायचा खेळ छान जमला. पण खरी गंमत दुसऱ्या कप्प्यात झाली. लेव्हालुआचा गाभा आणि त्याच्यापासून निघालेले सगळे छिलके आम्ही एका ताटात ठेवले होते. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं कुणी न सांगता छिलके गाभ्यावर परत बसवायला घेतले. रंगाच्या पट्ट्या जुळवत, कडा फिरवून बघत, मधल्या सुट्टीतही ती उठली नाही. शेवटी टरफलाचे तुकडेसुद्धा लागले आणि गोटी जवळपास पूर्ण झाली, फक्त मधला मोठा छिलका नव्हता, कारण तो दुसऱ्या मुलाच्या हातात होता. उत्खननात असंच करतात, हे मी तिला मग सांगितलं. एखाद्या जागी सगळे तुकडे मिळतात पण हवा तो छिलका मिळत नाही, तेव्हा तो घडवणारा माणूस तो घेऊन पुढे गेला एवढं कळतं.

कोऱ्या ओळीवर अपेक्षेपेक्षा जास्त वेळ गेला. काही मुलांनी निअँडरथल लिहा म्हटलं, काहींनी आपणच. एकानं विचारलं, “सर, हाडातून डीएनए निघतो, मग मातीतून नाही का निघत?” निघतो. सायबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेच्या मातीतून माणसाचा डीएनए काढलेला आहे. आपल्याकडची उष्ण हवा त्याला फार प्रतिकूल, हेही सांगितलं. मुलाला ते पटलं नाही, त्यानं गुहांची यादी मागितली. ती देणार आहे.

१० मार्च

बारीक पात्यांतलं एक मोडलं, दांड्यातलं एक निखळलं. मामा दोन्ही नवी करून देतील, वर दोन जादा. चौथ्या कप्प्याच्या चिठ्ठीतलं ताम्रपाषाण काळाचं वाक्य वर घ्यायचं, मुलं ते वाचतच नाहीत. काळ्या कागदातली नळी उघडून बघितली जाते, तिला टाके घालून शिवायचं. नववीच्या वर्गाला मणी स्वतः करायचे आहेत. कवच महाग, म्हणून नारळाच्या करवंटीवर. सहाणी घरोघरच्या आणायला सांगितल्या आहेत. मामा शनिवारी सकाळी शाळेच्या मागच्या पटांगणात लेव्हालुआ दाखवायला येतील. मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली, चष्मे आणि ताडपत्री मी नेणार.